कलन स्किंक: धुराच्या चवीचं सूप

दूध आणि मासे एकत्र खायचे नाहीत, असं आमच्याकडे आजीपासून सगळे सांगत आले. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला राहायला आल्यावर इथल्या थंडीत जिथे तिथे मिळणारं सूप मात्र नेमकं त्याच जोडीचं. चव इतकी आवडली की घरी करायचं ठरवलं.

हे सूप मोरे फर्थ या खाडीच्या किनाऱ्यावरच्या कलन गावचं. धुरी दिलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा, दूध, लोणी. मसाला म्हणाल तर थोडी मिरपूड. म्हणजे सगळी मदार माशावर. बाजारात गडद पिवळा दिसतो तो रंगवलेला असतो. मी फिकट, बिनरंगाचा घेतला. थंड धुरातला हा मासा आतून कच्चाच असतो. आर्ब्रोथ स्मोकी ही याची बहीण, तीही धुरी दिलेला हॅडॉकच, पण ती गरम धुरात शिजलेली, त्यामुळे तिची चाल वेगळी.

साधारण ४०० ग्रॅम मासा ५०० मिलिलिटर दुधात ठेवला आणि आच अगदी मंद केली. खरी कसोटी इथेच. दुधाच्या कडेला बारीक थरथर दिसली पाहिजे, उकळी येता कामा नये. उकळलं की मासा चिवट होतो. पाच-सात मिनिटांत पाकळ्या सुटू लागल्या. मासा काढून सोलला, मग साल आणि काटे परत त्याच दुधात टाकून थोडा वेळ ठेवले. धुराचा निम्मा वास सालीतच असतो, ती फेकून देणं मला पटत नाही. नंतर दूध गाळून घेतलं.

दुसऱ्या पातेल्यात लोण्यावर कांदा मऊ केला, तांबूस होऊ दिला नाही. आपल्या हाताला ही सवय नसते, पण कांदा भाजला गेला की तो धुरावर कुरघोडी करतो. त्यावर बटाट्याच्या फोडी आणि त्या बुडतील इतकं पाणी. शिजल्यावर निम्म्या ठेचल्या. दाटपणा त्यातूनच येतो, मैदा लागत नाही. मग गाळलेलं दूध आणि शेवटी माशाचे मोठे तुकडे. मीठ चव घेतल्यावरच घाला, मासा आधीच खारवलेला असतो.

इथले लोक सोबत ओटकेक (ओटची चपटी बिस्किटं) किंवा पाव घेतात. मी भाकरीबरोबर खाल्लं, फार छान लागलं. उरलं तर दुसऱ्या दिवशीही मंद आचेवरच गरम करा.