किकच्या तालावर तानपुरा: साइडचेन पंपिंगचा माझा अनुभव

गेल्या दिवाळीत मावशीचा तानपुरा रेकॉर्ड केला. काळी चारला लावलेला, प सा सा सा, सलग बारा मिनिटं. हा नाद हाऊस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या ट्रॅकच्या तळाशी ठेवायचा, किक (ठोक्यावरचा जाड ड्रम) पडली की तो दबला पाहिजे आणि पुढच्या किकपर्यंत पुन्हा भरून आला पाहिजे, पेटीचा भाता हलतो तसा, एवढंच मनात होतं. १९९० च्या दशकातल्या फ्रेंच हाऊसने हा पंप लोकांच्या कानात बसवला. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने त्यासाठी अलेसिस ३६३० हा अगदी स्वस्तातला कॉम्प्रेसर (ठरावीक पातळीवर गेलेला आवाज दाबणारं यंत्र) वापरला होता, म्हणजे महागड्या यंत्रांवाचून अडत नाही हे मला माहीत होतं. तरी पहिल्या तीन रात्री हाती काही लागलं नाही.

सुरुवातीला मी कॉम्प्रेसर सरळ मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र होतात तिथे, टाकला. ट्रॅकमध्ये किक सगळ्यात जोरात असते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला कॉम्प्रेसर सगळंच दाबतो आणि अख्खा ट्रॅक हलायला लागतो. ही पद्धत जुनी आणि खरी आहे, पण तीत किकही दबते. माझी किक बोथट झाली. मग साइडचेन. कॉम्प्रेसर तानपुऱ्याच्या ट्रॅकवर, पण त्याने ऐकायचं किकला. एबलटन लाइव्ह या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्रेसरच्या नावाशेजारचा छोटा त्रिकोण दाबला की साइडचेनचा भाग उघडतो, तिथे किकचा ट्रॅक निवडायचा. रेशो, म्हणजे दाबायचं प्रमाण, १०:१ केला आणि प्रत्येक ठोक्याला १२ डेसिबलपर्यंत घट होईल इतका थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वर दाब सुरू होतो ती, खाली आणला. कमी घट केली तर नुसता मिक्स नीटनेटका होतो, पंप ऐकू येत नाही.

अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, मी हौसेने अगदी शून्याजवळ नेला होता. बासवर तीच सेटिंग टाकली आणि प्रत्येक किकबरोबर 'टिक' असा आवाज यायला लागला. बासचा सा ५२ हर्ट्झचा, म्हणजे त्याचं एक आवर्तन १९ मिलिसेकंदांचं. त्या आवर्तनाच्या मधेच आवाज एकदम तोडला तर लाटेला कोपरा पडणार आणि तो ऐकू येणार. अटॅक ५ मिलिसेकंद केला, टिक गेली.

खरा जीव खाल्ला तो रिलीजने, म्हणजे दाब सुटायला लागणाऱ्या वेळाने. टेम्पो मिनिटाला १२४ ठोके, म्हणजे दोन किकमध्ये ४८४ मिलिसेकंद. रिलीज ४० ठेवला तर आवाज झटक्यात परत यायचा, उचकी लागल्यासारखा. ६०० ठेवला तर तो परत येईपर्यंत पुढची किक पडायची आणि तानपुऱ्याचा आवाज कायमचाच दबलेला राहायचा. अर्ध्या ठोक्याचा हिशेब २४२ येतो, तो लावला तरी भाता उघडल्यासारखं वाटेना. तळाशी काहीतरी अडकून राहायचं.

चौथ्या रात्री मी किक आणि बास म्यूट करून नुसता गेन रिडक्शनचा मीटर, आवाज किती दबतोय ते दाखवणारा, पाहत बसलो. मीटर खाली जायचा आणि तिथेच थांबायचा. लगेच वर येतच नव्हता. तेव्हा लक्षात आलं: माझ्या किकची शेपटी लांब, जवळपास ३०० मिलिसेकंद गुंजणारी. ती शेपटी थ्रेशोल्डच्या वर आहे तोवर कॉम्प्रेसर सोडतच नाही, रिलीजचं घड्याळ सुरूच होत नाही. मी चुकीचं बटण फिरवत होतो. दोष किकच्या लांबीत होता.

मग एक वेगळा ट्रॅक केला, त्यावर एक आखूड, कोरडी टकटक, जेमतेम ३० मिलिसेकंदांची, प्रत्येक ठोक्यावर. याला घोस्ट किक म्हणतात. ट्रॅकचा आउटपुट 'सेंड्स ओन्ली' केला, म्हणजे तो ऐकू येत नाही, फक्त कॉम्प्रेसरला चालवतो. आता किक कितीही लांब गुंजू दे, दाब कधी सुटायचा ते टकटक ठरवते. रिलीज २४२ वरून कानाने सरकवत १९० वर आणला, कारण आकड्यातला वेळ आणि आवाज पूर्ण भरायला लागणारा वेळ एकच नसतो. आणि तानपुरा श्वास घ्यायला लागला. जवारीची ती सोनेरी कड प्रत्येक ठोक्यानंतर उमलून वर येत होती. मी ते वीस मिनिटं नुसतं ऐकत बसलो.

एक गोष्ट राहिली होती. रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट, कॉम्प्रेसरच्या नंतर लावलेला होता, त्यामुळे दबलेली पोकळी त्याचीच शेपटी भरून काढत होती. कॉम्प्रेसर रिव्हर्बच्या नंतर आणला. बासला ८ डेसिबल पुरे झाले. मावशीच्या आलापाला मात्र मी पंपचा हात लावला नाही, गळा हलवायचा नसतो असं माझं ठाम मत आहे.

मधल्या सोळा बारमध्ये (चार ठोक्यांचा एक बार) किक काढली, घोस्ट तशीच ठेवली. मावशीला हेडफोनवर ऐकवलं. डोळे मिटून बसली होती. किक गेली, नुसता तानपुरा उठत-बसत राहिला, आणि तिची बोटं मांडीवर ठोका देतच होती.