प्रोसेसरच्या वाकड्या पिना घरी सरळ केल्या, आणि एक तुटलेली होती तिचं काय केलं

मावसभावाने नवीन मशीन घेतलं आणि त्याचा जुना रायझन ५ ३६०० (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) मला पार्सलने पाठवला. मूळ प्लास्टिकची डबी हरवली होती म्हणून पॅक करणाऱ्याने साध्या कागदात गुंडाळलेला, आणि वाटेत कुठेतरी तो दाबला गेला. उघडून बघते तर एका कोपऱ्याकडच्या काही ओळी सगळ्या एकाच दिशेला झुकलेल्या, त्यातल्या दोन-चार पिना पार आडव्या झोपलेल्या, आणि एके ठिकाणी पिनच नाही, नुसता गोल चकचकीत ठिपका. प्रोसेसर चांगला सहा कोरचा, अजून कितीतरी वर्षं काम देईल असा, तो टाकून द्यायचा विचारच मला सहन होईना. म्हणून हे सगळं नीट लिहितेय, कोणाच्या हातात असा प्रोसेसर आला तर घाबरून कचऱ्यात जाऊ नये.

आधी एक गोष्ट, हे जे मी केलं ते ज्या प्रोसेसरच्या पोटाला पिना असतात त्यांच्यासाठी. माझा प्रोसेसर एएम४ या सॉकेटचा आहे (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा), त्यात अशा १३३१ पिना असतात. एएमडीने २०२२ ला एएम५ आणलं तेव्हा पिना प्रोसेसरवरून काढून मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये नेल्या, तिथे १७१८ आहेत, आणि इंटेलने डेस्कटॉपला हेच २००४ मध्ये एलजीए ७७५ या सॉकेटपासून केलेलं. सॉकेटमधल्या त्या पिना म्हणजे बारीक वाकवलेल्या स्प्रिंगा असतात, त्यांना सरळ करायचंच नसतं, शेजारच्या जशा वळलेल्या आहेत तशा वळवायच्या असतात, ते काम सुईने आणि चिमट्याने भिंगाखाली करावं लागतं आणि माझ्या मते ते यापेक्षा बरंच अवघड आहे. इथे मी फक्त एएम४ चं सांगतेय.

या पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात, वर सोन्याचा पातळ मुलामा. धातू मऊ आहे त्यामुळे एकदा वाकली आणि एकदा परत आली तर बहुतेक वेळा टिकते. पण धातू जिथे वाकतो तिथे तो कडक होतो, आणि परत परत इकडे-तिकडे केलं की तिथूनच तुटतो. सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरतं. म्हणजे पिन सरळ करताना ती पलीकडे जाता कामा नये, कारण पलीकडे गेली की परत अलीकडे आणावी लागणार आणि मग ती तिसरी घडी होते. म्हणून थोडी कमीच आणायची, थांबायचं, बघायचं, मग परत थोडी. काही जण सांगतात हेअर ड्रायरने पिना गरम करा म्हणजे मऊ होतील, ते मला अजिबात पटत नाही, तांबं मऊ पडायला काहीशे डिग्री लागतात, ड्रायरने तेवढं होत नाही, उगाच सगळा प्रोसेसर तापतो.

सामान फार नाही लागलं. लीड बदलायची पेन्सिल, ०.५ वाली, लीड पूर्ण काढून टाकलेली. शिवणाची बारीक सुई. एक जुनं पातळ प्लास्टिकचं कार्ड. मोबाइलचा कॅमेरा झूम करून भिंगासारखा, आणि एक टॉर्च. टेबलावर साधा सुती कपडा पसरला, सिंथेटिक काही नाही, आणि दरवेळी हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून घेतला (सप्लाय प्लगला लावलेला पण मागचा स्विच बंद) म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते.

टॉर्च का, तर वरून बघून पिन वाकडी आहे की सरळ ते कळतच नाही. टॉर्च टेबलाला लागून आडवी धरायची, उजेड पिनांवर बाजूने पडला की प्रत्येक पिनेची सावली पडते आणि जी वाकडी आहे तिची सावली ओळ सोडून जाते, लगेच डोळ्यात भरते. शिवाय प्रोसेसर डोळ्यांच्या रेषेत आणून ओळीच्या टोकाकडून बघायचं, शेताच्या कडेला उभं राहिलं की पिकाच्या ओळी कशा आरपार दिसतात तसं. आणि चारही बाजूंनी बघायचं, तिरकं पण बघायचं, कारण एखादी पिन या बाजूने एकदम सरळ दिसते आणि नव्वद अंशात फिरवलं की झुकलेली निघते. धाकटा भाऊ टॉर्च धरून बसला होता, त्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले, तो सारखा "ताई, ती बघ, तिसऱ्या ओळीतली, अजून जराशी" असं सांगत होता आणि खरंच त्याच्यामुळे काम सोपं गेलं.

थोड्या झुकलेल्या पिना पहिल्यांदा घेतल्या. पूर्ण ओळच एका बाजूला गेली असेल तर दोन ओळींच्या मधे कार्ड सरकवायचं आणि अगदी हलक्या हाताने उभं करत न्यायचं, सगळी ओळ एकदम थोडी थोडी येते. कार्ड मधे सरकत नसेल तर जबरदस्ती करायची नाही, कुठेतरी पिन आडवी आली आहे असं समजायचं. मग एकेक पिन पेन्सिलने. पेन्सिलचं पोकळ धातूचं टोक पिनेवर बसवायचं, पूर्ण खालपर्यंत, कारण अर्धवट बसवून वाकवलं तर पिन मधेच मोडते आणि इंग्रजी एस सारखा आकार होतो, तो काढणं फार कटकटीचं. खालपर्यंत बसलं की मुळापासून उभी करायची.

आडव्या झोपलेल्यांवर पेन्सिल जातच नाही, टोक घुसायला जागा नसते. तिथे सुई पिनेच्या खालून घालायची, टोकाकडून नाही तर मुळाच्या जवळून, आणि इतकंच उचलायचं की पेन्सिलचं टोक बसेल. ह्या पिनांना मी सर्वात जास्त वेळ दिला, एक उचलली की बाकीचं काम बाजूला ठेवून जरा हात मोकळे करायचे, पाणी प्यायचं, मग पुढची. हात थकला की थरथरतो आणि इथे अर्धा मिलिमीटर म्हणजे खूप झालं.

झालं की नाही याची खरी परीक्षा सॉकेट घेतं. सॉकेटच्या बाजूची, प्रोसेसर पकडणारी दांडी वर करायची, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे, चारही कडा सॉकेटला टेकल्या पाहिजेत. बोटाने दाबायचं नाही, कधीच नाही. माझा पहिल्यांदा एका कडेला किंचित उचललेला राहिला, परत काढून परत टॉर्च, परत पेन्सिल, आणि मग एकदा असा बसला की हलका टक् आवाज आला, त्या आवाजाने मला जेवढा आनंद झाला तेवढा विंडोज चालू होऊन पण झाला नसेल.

आता तुटलेली पिन. इथे लोक लगेच सोल्डरिंग आयर्न हातात घेतात, मला वाटतं आधी ती पिन कशाची आहे ते बघावं. एएम४ चा पिनमॅप, म्हणजे कुठली पिन कशाची त्याचा नकाशा, नेटवर शोधलं की मिळतो, ओळींना अक्षरं आणि उभ्या रांगांना आकडे. १३३१ मधल्या कितीतरी पिना नुसत्या ग्राउंडच्या आणि पॉवरच्या असतात, त्यातली एखादी गेली तर बाकीच्या तो भार उचलतात आणि बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. एक मात्र सांभाळा, मॅप वरून बघितल्यासारखा काढलाय की पिनांच्या बाजूने ते आधी नक्की करा, कारण प्रोसेसर उलटा केला की डावं-उजवं बदलतं आणि तुम्ही भलतीच पिन शोधत बसता. त्रिकोणाच्या कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात केली की चुकत नाही.

माझी निघाली मेमरीची, बी चॅनेलची डेटा लाइन (प्रोसेसर रॅमशी ए आणि बी अशा दोन वाटांनी बोलतो, त्यांना चॅनेल म्हणतात). आणि मशीनने पण तेच सांगितलं, रॅमची एक स्टिक ए च्या स्लॉटमध्ये लावली तर सगळं व्यवस्थित चालू, तीच स्टिक बी मध्ये लावली की स्क्रीनच येत नाही. तेव्हा एकच चॅनेल वापरून सोडून देता आलं असतं, पण रायझनला दोन चॅनेल मिळाले की खूप फरक पडतो, विशेषतः गेममध्ये, म्हणून पुढे गेले.

सोल्डर मी टाळलं. प्रोसेसरच्या आत तांब्याचे मोठे थर असतात, ते उष्णता ओढून घेतात, ठिपका तापायला वेळ लागतो आणि तेवढ्यात शेजारच्या पिना सैल व्हायची भीती. ज्यांचा हात बसलाय, ज्यांच्याकडे फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) आणि बारीक टोकाचं आयर्न आहे त्यांनी करावं, ते जास्त पक्कं काम आहे. मी दुसरा मार्ग घेतला, सॉकेटच्या त्या एका भोकात तांब्याची तार उभी ठेवायची, म्हणजे प्रोसेसर वर बसला की ठिपका तारेवर टेकतो.

तार निवडण्यात वेळ गेला. इअरफोनच्या वायरमधली तार दिसते तांब्याची पण तिच्यावर वार्निशचा थर असतो, तो खरवडला नाही तर वीज जात नाही. यूएसबी केबलमधल्या फार बारीक. शेवटी साध्या इलेक्ट्रिकच्या वायरमधली एक तार चांगल्या पिनेच्या शेजारी धरून बघितली, जाडी जवळपास तेवढीच वाटली. ती काचेवर घासून एकदम सरळ केली, सॉकेटची दांडी वर असताना भोकात सोडली, खाली टेकली की वर अगदी नाममात्र दिसेल इतकीच ठेवून बाकी कापली. जास्त राहिली तर प्रोसेसर बसताना वाकून शेजारच्या पिनेला चिकटणार, म्हणजे शॉर्ट, कमी राहिली तर टेकणारच नाही. कापलेला तुकडा सॉकेटमध्ये पडू नये म्हणून माप घेऊन बाहेर काढून कापायची, बोर्डावर धरून कापायची नाही, ही फार महत्त्वाची गोष्ट. ठिपका आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, प्रोसेसर सरळ वरून खाली ठेवला, अजिबात न सरकवता, दांडी खाली केली. दांडीने आतले कॉन्टॅक्ट तारेलाही बाकी पिनांसारखंच पकडतात.

मशीन चालू होताना रॅम तपासून जुळवून घेतं, त्या मेमरी ट्रेनिंगला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, स्क्रीन काळीच, आणि मग बायोस (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) आला, दोन्ही स्टिक दिसल्या. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ड्युअल चॅनेल, तशाच जीपीयू-झेडमध्ये ग्राफिक्स कार्ड पूर्ण १६ लेनवर, म्हणजे सरळ केलेल्या पिनांपैकी ग्राफिक्स कार्डाकडे जाणाऱ्या पण नीट लागल्या. रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवलं, एकही एरर नाही. मग एक्सएमपी (रॅमला जास्त वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग) चालू करून रॅमचा वेग ३२०० वर नेला तर एरर यायला लागले, तार काही पिनेइतका चांगला कॉन्टॅक्ट देत नाही आणि वेग वाढला की ते जाणवतं, म्हणून २६६६ वर ठेवलंय आणि तिथे मशीन छान चालतंय.

आता हा प्रोसेसर उगाच काढायचा नाही, कारण काढला की ती तार हलणार. कूलर मात्र कधीतरी साफ करावा लागेलच, तेव्हा आधी थोडा वेळ काहीतरी जड काम चालवून प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट गरम होऊ द्यायची, मशीन बंद करायचं, आणि कूलर सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवून सैल करायचा. एएम४ मध्ये सॉकेट प्रोसेसरला वरून दाबून धरत नाही, पेस्ट थंड आणि घट्ट असेल तर दांडी बंद असतानासुद्धा प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो, आणि पिना वाकायचं हे तर सगळ्यात नेहमीचं कारण आहे.