उशिराची गाडी आणि चितारआळीतली दुपार

सावंतवाडी फिरवताना अंतराचा हिशेब करावा लागत नाही, वेळेचा करावा लागतो. मोती तलाव, त्याच्यासमोरचा राजवाडा, उभा बाजार, लाकडी खेळण्यांच्या दुकानांची चितारआळी, सगळं पायी फिरण्याइतकं जवळ. चौपदरी महामार्ग झाराप-पत्रादेवी असा गावाबाहेरून गेल्यापासून गोव्याची बरीचशी वाहनं शहरात शिरतसुद्धा नाहीत. जी शिरतात त्यांतल्या बहुतेकांना दोन तासांत गाव उरकायचं असतं. तलावावर फोटो, एक लाकडी खेळणं, सोलकढी आणि बांद्याचा रस्ता.

त्या मंगळवारी आलेलं कुटुंब चिंचवडचं होतं. आजी-आजोबा, मुलगा-सून, मुलगी आणि दोन नातवंडं. पनवेलहून रात्रीची गाडी पकडून सकाळी उतरायचं आणि त्याच रात्री परतायचं, असा बेत. असा बेत जमतो, पण सकाळची गाडी वेळेवर आली तरच. राजवाडा दुपारी जेवणाच्या वेळेला काही तास बंद असतो, त्यामुळे आम्ही तो नेहमी सकाळी आधी दाखवतो. गाडी दोन तास उशिरा आली. स्टेशन मळगावला, शहरापासून सात-आठ किलोमीटरवर. रिक्षांत सामान भरून गावात पोचेपर्यंत राजवाड्याची सकाळ संपत आली होती.

अशा वेळी धावतपळत दरबार हॉल दाखवण्यात अर्थ नसतो. बाहेर काढण्याची घाई सुरू झाली की कोणी धड काही बघत नाही. म्हणून क्रम उलटा केला. आधी घावणे आणि उसळ, मग बाजार, मग चितारआळी, जेवण, राजवाडा दुपार कलल्यावर आणि शेवटी तलाव. मुलाने मोबाईलवर आंबोलीचा धबधबा काढून दाखवला, "हे मध्ये बसेल का?" आंबोली तीस किलोमीटरवर, पण घाट आहे. जाऊन-येऊन आणि थांबून अर्धा दिवस जातो. शिवाय फेब्रुवारीत त्या कड्यावर पाणी नसतं. तो धबधबा जून ते सप्टेंबरचा, फार तर ऑक्टोबरचा. उन्हाळ्यात आंबोलीला जायचं ते थंड हवेसाठी आणि हिरण्यकेशी नदीच्या उगमासाठी, आणि तेही मुक्कामाला. आंबोली रद्द झाली.

मंगळवार म्हणजे आठवडा बाजार. आजूबाजूच्या गावांतल्या बायका टोपल्या घेऊन येतात. लाल माठ, कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकट, आणि त्या दिवसांत ओले काजूगर. सुनेला काजू घ्यायचे होते. ओले काजूगर वजनावर नाही, शेकड्यावर विकतात. सोललेले, दोन फाकी केलेले, वर पातळ साल असलेले गर घ्यायचे. ही साल गरम पाण्यात टाकल्यावर चिमटीने निघते. अख्ख्या हिरव्या बिया स्वस्त मिळतात म्हणून कोणी नेऊ नयेत. टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी भाजते, आमच्याकडे हाताला खोबरेल लावल्याशिवाय कोणी त्या फोडत नाही. दुसरी गोष्ट, ओला गर उन्हाळ्यात दिवसभरात आंबतो. रात्रीच्या गाडीने जायचं असेल तर सकाळी घेऊन पिशवीत कोंबून फिरणं म्हणजे पैसे वाया. विकणाऱ्या बाईनेच सांगितलं, "वयनी, सुके घेवा, रात्री भिजत घातल्यात की झाला." सुनेने सुके घेतले. उन्हात वाळवलेला गर भिजवून केलेल्या उसळीला ओल्याची सर येत नाही, पण चिंचवडला पोचून तीच खाता येते.

चितारआळीत मी साधारण पाऊण तास धरतो. पहिल्या दोन-तीन दुकानांत लोक लाकडी आंबे, केळी, मिरच्या बघून हरखतात, भाव करतात, निघतात. इथे मात्र आजोबा एका दुकानाच्या मागच्या बाजूला लेथ फिरताना ऐकून तिकडेच वळले. त्यांनी आयुष्यभर चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांत टर्नरचं काम केलेलं. लोखंड कापलेलं, लाकूड कधीच नाही. लेथवरच्या कारागिराला त्यांचा पहिला प्रश्न असा, "टूलपोस्ट कुठंय?"

टूलपोस्ट, म्हणजे हत्यार घट्ट धरून ठेवणारा लेथचा भाग, नव्हता. पटाशी हातात धरायची, खाली लोखंडी आडवा टेकू, बाकी सगळं मनगट. आजोबांनी स्टूल ओढलं आणि बसले. पाऊण तासाचं पुढे काय झालं ते सांगायला नको.

एरवी गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही, अशा कितीतरी गोष्टी त्या दोघांच्या बोलण्यातून बाहेर आल्या. खेळण्यांसाठी पांगारा वापरतात, कारण तो हलका, मऊ आणि पटाशीला सहज वळणारा. पोळपाटाला मात्र पांगारा चालत नाही. त्याला फणस, शिवण किंवा सागवान यांसारखं घट्ट लाकूड लागतं. लाकूड ओलं असताना ते कापायला लोण्यासारखं जातं, म्हणून नवख्याला मोह होतो, आणि तिथेच माल बिघडतो. "सुकाक वेळ लागता, काका. घाई केल्यात तर फुटता," कारागीर म्हणाला. आजोबांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला: इथे फुटत नाही आणि पुण्याला नेल्यावर फुटतं, असं का? कारण इथली हवा दमट. अर्धवट सुकलेली वस्तू इथे महिनोन् महिने शाबूत राहते. घाटावरच्या कोरड्या हवेत तिच्या आतलं पाणी भराभर निघतं, बाहेरचा थर आधी आकसतो आणि रेषेच्या दिशेने चीर पडते. गिऱ्हाईक रंगाला दोष देतं. दोष रंगाचा नसतो.

त्यावर त्यांनी वस्तू कशी पारखायची ते कारागिराकडूनच करून घेतलं, आणि मी ते तेव्हापासून प्रत्येक गटाला सांगतो. एकाच आकाराची दोन फळं दोन हातांत घ्यायची. एक ठळकपणे जड लागलं तर ते ओलं तरी आहे किंवा दुसऱ्या लाकडाचं तरी. देठ ओढून बघायचा, कारण तो फक्त गोंदाने चिकटवलेला असेल तर लहान मुलाच्या तोंडात जातो. वास घ्यायचा. रंगाचा उग्र वास येत असेल तर माल ताजा आहे, वर्तमानपत्रात गुंडाळला तर कागद चिकटतो. पोळपाट काचेच्या काउंटरवर ठेवून कडेला बोटाने दाबायचा, डुगडुगला तर परत द्यायचा. खालून फिरवून जोड बघायचा: एकसंध फळीचा पोळपाट महाग पडतो, पण जोडाचा पोळपाट धुण्याने सांध्यात उघडतो. आणि ज्या बाजूवर पोळी लाटायची तिच्यावर रंग किंवा चकचकीत वॉर्निश असेल तर तो फक्त भिंतीवर टांगायचा.

मग लाखेचं काम निघालं. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळून बसते, वेगळी आच लागत नाही. वर केवड्याचं पान दाबून धरलं की थर सारखा होतो आणि झळाळी चढते. वेग कमी पडला तर लाख गोळ्यागोळ्यांनी चिकटते. लाकूड ओलं असेल तर फोड येऊन पुढे पापुद्रे सुटतात. आजोबांनी विचारून घेऊन कांडी हातात धरली. लोखंडाची सवय असलेला हात, दाब जास्त. पहिला पट्टा जळाल्यासारखा काळपट उठला. दुसरा बरा आला. कारागिराने तो पुसून टाकला नाही, त्या भोवऱ्यावर तसाच ठेवला आणि नातवाला देऊन टाकला. हल्ली बरीचशी फळं लाखेची नसतातच. तासून, कानस मारून, पांढरं अस्तर देऊन वर ब्रशने किंवा स्प्रेने रंगवलेली असतात. त्यात फसवणूक नाही, कारण केळ्याचा वाक लेथवर निघत नाही. पण गोल वस्तूवर लाख म्हणून तैलरंग विकला जात असेल तर तळाकडे बघावं. लाखेचा थर लेथच्या वर्तुळात फिरलेला दिसतो, ब्रशचे फराटे नसतात.

बाकीच्यांना मी दरम्यान जेवायला घेऊन गेलो आणि आजोबांना शेवटी उठवून नेलं. राजवाडा उघडल्यावर चितारआळीतल्या त्या वेळेचा फायदा झाला, कारण गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणाऱ्यांपुढे हे कुटुंब नुसतं "किती सुंदर" म्हणून पुढे सरकलं नाही. जांभ्या दगडातला हा राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या, म्हणजे 1755 ते 1803 च्या काळातला. तलाव नंतरचा, 1874 चा. दरबार हॉलच्या भागात कलाकार बसून गोल पत्ते रंगवतात. ही कला जवळजवळ संपली होती. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या जुन्या चिताऱ्यांकडून ती शिकून घेऊन इथे पुन्हा उभी केली. पूर्वी कापडावर चिंचोक्याच्या खळीचे थर देऊन, खडूचं अस्तर घोटून पत्ता कडक करत. आता कागद वापरतात, मागे लाखेसारखा चकचकीत लेप असतो.

नातीला रमी येत होती, म्हणून खेळ समजावणं सोपं गेलं. दशावतारी गंजिफात 120 पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. तिघे खेळतात, प्रत्येकाला चाळीस. दिवसा डाव असेल तर रामाच्या राजाने उतारी, रात्री कृष्णाच्या. गोंधळ पुढे होतो: पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत उलटं. हे पाच-पाच डोक्यात बसेपर्यंत कोणी जिंकत नाही. विकत घ्यायचा असेल तर पूर्ण संच महाग, हाताने रंगवलेला म्हणून. सुटे किंवा फ्रेम केलेले पत्ते आवाक्यात. छापील आणि हाताचं ओळखायला एकाच रंगाची दोन पानं शेजारी धरायची. माशाच्या दोन शेपट्या तंतोतंत सारख्या असतील तर छापील.

तलावावर शेवटचा तासभर राहिला. काठाने फेरी अर्ध्या तासात होते. मुलं असली तर जगन्नाथराव भोसले उद्यान लागतं, तिथे वेळ जातो. नौकाविहार कधी चालू असतो कधी बंद, त्याच्या भरवशावर मुलांना आधी शब्द देऊ नये. उन्हं उतरल्यावर काठावर भेळवाले आणि गावातली माणसं येतात, तेव्हाच तलाव बघण्यासारखा. भर दुपारी तिथे सावली कमी आणि डोळ्यांवर चकाकी.

परतीच्या गाडीसाठी गावातून किमान पाऊण तास आधी निघावं लागतं. रात्री मळगावकडे रिक्षा आयत्या वेळी मिळेलच असं नाही, म्हणून दिवसाच ठरवून, भाडं बोलून ठेवायची. आजोबांनी दोन पोळपाट घेतले होते, एकसंध फणसाचे. ते प्लास्टिकच्या पिशवीतून काढायला लावले आणि जुन्या वर्तमानपत्राच्या तीन-चार पदरांत बांधून दिले. घरी गेल्यावरही दोन आठवडे तसेच, पंख्यापासून आणि उन्हापासून लांब, उभे ठेवायचे. मग खोबरेलाचा हात फिरवून वापरायला काढायचे.