फकस्त तीन किलोमीटर

अण्णांचे तीन किलोमीटर म्हणजे नेमके किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. अनकाईहून निघताना विचारलं तेव्हा "फकस्त तीन किलोमीटर", चांदवडच्या अलीकडे विचारलं तेव्हाही तेवढंच. आम्ही चौदा जण, सगळे सांगलीकडचे जैन. गल्लीतले शेजारी आषाढीला पंढरपूरला चालत जातात, त्यामुळे आम्हीही याला वारीच म्हणत होतो. कार्तिकी पौर्णिमेला मांगीतुंगी हे आमचं डोंगरावरचं तीर्थ गाठायचं, तेही अनवाणी, हे आक्कांनी दिवाळीतच ठरवून टाकलं. मी नाही नाही म्हणता म्हणता बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, नियम घेऊन बसले.

मनमाडला रेल्वेतून उतरलो आणि पहिल्या सकाळी टंकाईच्या डोंगराच्या पोटातली जैन लेणी पाहिली. छतात कोरलेलं मोठं कमळ, पाकळीपाकळीवर नाचणाऱ्या, वाद्यं वाजवणाऱ्या इवल्याशा बायका. मान अवघडली तरी नजर खाली येईना. शांतिनाथ तीर्थंकरांची खूण असलेलं हरीण शोधायला आक्कांनी बॅटरी लावली. आंब्याखालच्या अंबिकेला कुणीतरी हळदकुंकू वाहून गेलं होतं, समोर नारळाची करवंटी. अण्णा चिडले. आक्का म्हणाल्या, "असू दे की. लेकराबाळांची देवी हाय, कुणीबी हात जोडंल." खाली उतरेपर्यंत अण्णांचा राग काही गेला नाही.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. पहाटे उठायचं, अंधारात सामायिक म्हणजे ध्यानाला बसायचं, गार पाणी, रस्ता. चांदवडला रेणुकेच्या आवारात थोडं टेकलो, डोंगरातली लेणी पाहिली, निघालो. सामानाच्या गाडीवर कर्णा होता, त्यावर सिनेमाच्या चालीतली भक्तिगीतं. पहिल्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी त्या कर्ण्यात चिंध्यांचा बोळा कोंबावा असं वाटायला लागलं. हातात णमोकाराची माळ आणि डोक्यात हे.

चांदवड सोडल्यावर देवळ्याच्या वाटेवर माझा डावा पाय गेला. चवड्याखाली लिंबाएवढा फोड. कार्तिकातलं ऊन म्हणून काय झालं, दुपारचं डांबर ते डांबरच. आधी कडेच्या मातीतून चालले, तर तिथे बाभळीचे काटे. मग टाचेवर चालले, तर पोटरी धरली. बाकीचे पुढे निघून गेले. "गाडी माघारी लावतो, बसून ऱ्हावा," अण्णा म्हणाले होते. मी बसले. एक तास झाला, दीड झाला. गाडी आली नाही. मोबाईलला रेंज नाही. राग आधी अण्णांवर आला, मग आक्कांवर, मग सगळ्यात जास्त स्वतःवर. देवासाठी चालायला निघालेली बाई आणि मनात एकेकाचा हिशेब.

रस्त्यालगतच कांद्याची चाळ होती. एक बाई उन्हाळ कांदा निवडत बसली होती, सडका एकीकडे, चांगला एकीकडे. शेजारी चार-पाच वर्षांचा नातू. बराच वेळ तिने मला बघितलं असणार. मग हाक आली, "कोठे जाई राहिनात, बाई?"

मांगीतुंगी म्हटल्यावर तिने पायाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलंच नाही. घरातून सुई आणली, दिव्यावर धरली, दोरा ओवला. फोडात या बाजूने घालून त्या बाजूने काढली आणि दोरा तसाच आत ठेवला. पाणी दोऱ्यावाटे झिरपतं, कातडी निघत नाही. वरून हळद-तेल, त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी. मी डोळे गच्च मिटून घेतले होते.

मग म्हणाली, जेवून जा. पिठलं-भाकरी, सोबत कांदा. मी चाचरत सांगितलं की आम्ही कांदा खात नाही. तिचा हात थांबला. "कांदा नही खातस?" तिने एकदा चाळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मंग आमनं कसं व्हई?" आणि मोठ्यांदा हसली. मलाही हसू आलं, त्या दिवसातलं पहिलंच. लसूणही नाही, बटाटाही नाही, सूर्य मावळायच्या आत दोन घटका जेवण उरकायचं, पाणी गाळून हवं. एकेक सांगताना मला माझीच लाज वाटत होती. फुकटचं जेवण आणि वर एवढ्या अटी. तिने नुसती मान हलवली आणि सूर्य कुठवर आलाय ते बघितलं.

विहिरीवर तिने पोहरा सोडला, नातू काठावर वाकून बघत होता. मी माझ्या गाळण्यातून पाणी गाळलं आणि गाळणं उलटं धरून जिवाणी परत विहिरीत सोडली. "हाई काय?" ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात, मी म्हटलं. तिला ते पटलं की वेड लागलेलं दिसलं, कोण जाणे. पण नंतर नातवाने तांब्याभर पाणी आणलं, तेव्हा तिने ते स्वतःच पदरातून गाळून मला दिलं.

चूल पेटली. हिंग-जिऱ्याची मुगाची डाळ, बाजरीची भाकरी, गूळ. मी जेवत असताना ती चुलीकडे तोंड करून भाकऱ्या थापत होती, मधूनच दाराबाहेरच्या उन्हावर नजर. शेवटचा घास झाला तेव्हा ऊन चाळीच्या पत्र्यावर होतं. पैसे पुढे केले तर हात झटकला. "डोंगरवर जाशात ना, मन्हा बी नमस्कार सांगज्यात."

गाडी अंधार पडता पडता आली. टायर बसला होता म्हणे.

मुक्कामी आक्कांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस कुणाच्यात?" सांगितलं. "चुलीवर आधी कांदा शिजलेला असंल. भांडी तीच." मी काही बोलले नाही. रात्री पाय ठणकत होता. आक्का उठून आल्या, अंधारातच चिंधी सैल केली आणि परत बांधली. त्यांनी ती बदलली नाही.

ठेंगोड्याला गिरणा नदी, सटाण्याला देवमामलेदारांचं देऊळ, ताहाराबाद, मोसम नदी. मग भिलवाड आणि समोर ते दोन सुळके.

पहाटे पायऱ्या चढायला लागलो. २०१६ साली प्रतिष्ठा झालेली १०८ फुटांची ऋषभदेवांची मूर्ती पाहिली. भव्य आहे, फोटो काढले. मांगीच्या कड्याला वळसा घालताना मात्र पाय आपोआप हळू झाले. काळ्या दगडात तीर्थंकरांच्या, मुनींच्या ओळीच्या ओळी, कित्येकांचे नाक-डोळे वाऱ्यापावसाने पुसलेले. निर्वाणकांड या आमच्या स्तोत्रातले, इथून मोक्षाला गेलेले निन्याण्णव कोटी मुनी लहानपणी पाठ म्हणताना कधी खटकले नव्हते. एवढ्याशा वाटेवर एवढे मावले कसे, असं मनात आलं आणि मीच माझे कान धरले.

एका जागी बलभद्र, म्हणजे श्रीकृष्णाचे भाऊ बलराम, पाठमोरे आहेत. श्रीकृष्णाला इथेच अग्नी दिला आणि दीक्षा घेतली. रूप असं की आहाराला गावात निघाले, तर विहिरीवरची बाई बघतच राहिली आणि दोरीचा फास घागरीऐवजी पोराच्या गळ्यात घातला. तेव्हापासून त्यांनी गाव सोडलं आणि तोंड डोंगराकडे केलं. गोष्ट आम्हाला तोंडपाठ, तरी आक्कांनी ती परत सांगितली.

मला नमस्कार पोचवायचा होता. नाव विचारायचं राहून गेलं होतं, तेव्हा निदान चेहरा आठवावा म्हणून डोळे मिटले. सुई धरलेली बोटं दिसली, पोहरा दिसला, नातवाची उसवलेली चड्डी दिसली, चुलीसमोरची तिची पाठ दिसली. चेहरा काही येईना. समोरच्या दगडातल्या पाठीकडे बघत बराच वेळ उभी राहिले. शेवटी नुसतंच म्हटलं, कांद्यावाल्या बाईंचा नमस्कार.

"चला, तुंगी ऱ्हायली की अजून," मागून अण्णा म्हणाले.

किती लांब, ते मी विचारलं नाही.