सोसायटीच्या एका कागदासाठी साडेतीन महिने : मुधोळ कुत्रा घरी आणतानाचा माझा अनुभव

आधीच सांगते, कुठल्या जातीचं कुत्रं घ्यायचं हे ठरवायला आम्हाला दीड महिना लागला, त्याला आणायला एक दिवस, आणि मधल्या सोसायटीच्या एका एनओसीला, म्हणजे ना हरकत दाखल्याला, साडेतीन महिने. अजूनही तो विषय निघाला की माझं डोकं तापतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. कोणी गोव्यात फ्लॅटमध्ये राहून कुत्रं आणायचा विचार करत असेल तर उपयोग होईल.

तर जात कशी ठरली ते. मुलाला लॅब्रॅडॉर हवा होता, कारण त्याच्या वर्गातल्या मित्राकडे आहे. नवऱ्याला जर्मन शेफर्ड, कारण सत्तरी तालुक्यातल्या त्यांच्या जुन्या घरी एक होता आणि कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, माकडं फिरकायची नाहीत म्हणे. माझं काहीच मत नव्हतं, मला फक्त घरभर केस नको होते. शेवटी आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी जातीचं नावच घेतलं नाही, आम्हालाच उलटे प्रश्न विचारत बसले. दुपारी घरी कोण असतं? एसी किती तास चालतो? पावसात चार महिने सकाळी साडेसहाला कुत्र्याला खाली कोण नेणार? कान कोण पुसणार? कान पुसायचा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला होता पण गोव्यात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत तिथे लोंबत्या कानाच्या कुत्र्याचा कान कुठून वाळणार, बीगल, कॉकर, लॅब सगळ्यांना कानाचं इन्फेक्शन पावसात ठरलेलं. शेफर्डची आणि लॅबची लव दुहेरी, वरची राठ आणि आतली मऊ, ती थंड प्रदेशासाठी असते. लॅब मुळात न्यूफाउंडलंडचा, बर्फगार पाण्यातून कोळ्यांची जाळी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातला. पग आणि बुलडॉगला तर नाक आखूड असल्यामुळे उकाड्यात धड धापासुद्धा टाकता येत नाहीत, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तोंडावाटे श्वास टाकूनच ते अंग गार करतं. आमच्या रस्त्यावर एका बंगल्यात हस्की आहे, एप्रिलमध्ये दिवसभर बाथरूमच्या लादीवर पडून असतो. निळे डोळे बघून आणला त्यांनी. मला त्याच्याकडे बघवत नाही खरंच.

मुधोळचं नाव माझ्या तोंडून निघालं. माझं आजोळ जमखंडी, मुधोळ तिथून जवळच. लहानपणी मे महिन्यात गेलो की मामाच्या शेतावर दोन कारवानी कुत्री असायची, तिकडे कारवानीच म्हणतात, लांब तोंडाची, खोल छातीची, पोट पाठीला लागलेलं. पाहुण्यांना वाटायचं मामा यांना खायला घालत नाही, पण त्यांची अंगकाठीच तशी, बरगड्या थोड्या दिसायलाच पाहिजेत. अंगाला लव अगदी बारीक, कडक उन्हात शेताच्या बांधावर बसलेली असायची आणि लांबवर काही हललं की आम्हाला दिसायच्या आधी उठून उभी. ही जात वासावर नाही, नजरेवर शिकार करणारी. डॉक्टरांना सांगितलं तर ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, वहिनी, हे आधी का नाही बोललात. पण त्यांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या, एक म्हणजे याला रोज मोकळं पळायला लागतं, दोरीला बांधून बिल्डिंगभोवती फेऱ्या मारून भागणार नाही, आणि दुसरं, मांजर किंवा कोंबडी पळाली की हा हाकेला थांबणार नाही, तेव्हा कुंपणाशिवाय सोडायचा नाही. आमचं सत्तरीचं घर अर्ध्या तासावर आहे आणि तिथे गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत बागेत पळायला जागा आहे, म्हणून आम्ही हो म्हटलं. ज्यांच्याकडे अशी जागा नाही त्यांनी मुधोळ घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मामांनी ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे पिल्लू सांगून ठेवलं. मुधोळजवळ कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या कुत्र्यांसाठीचं केंद्रही आहे, आणि आजूबाजूच्या गावांत बरेच जण ही पैदास करतात. मे 2025 च्या पहिल्या आठवड्यात पिल्लं झाली. (हे लक्षात ठेवा, केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कोणी महिन्याचं पिल्लू हातात देत असेल तर तिथून उठून या.) म्हणजे जुलैच्या सुरुवातीला आणायचं असं ठरलं, आणि मी शहाणपणा केला की आधी सोसायटीला रीतसर कळवू.

इथे अडकलं.

20 जूनला मी साधा अर्ज दिला, आम्ही अमुक जातीचं पिल्लू आणतोय, लसीकरण करू, नगरपालिकेत नोंद करू. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर लॅब आहे, चौथ्यावर पोमेरेनियन, त्यांच्याकडून कोणी कधी कागद मागितला नव्हता. मला वाटलं दोन दिवसांत होईल. सेक्रेटरींनी अर्ज वाचला आणि 'मुधोळ हाउंड' वर बोट ठेवून म्हणाले, हे शिकारी कुत्रं आहे ना? मी म्हटलं हो, जात शिकारी आहे, पण सशाच्या मागे पळणारी, माणसाच्या नाही. ते म्हणाले कमिटीत ठेवतो.

कमिटी जुलैच्या मध्याला बसली. माझा विषय शेवटचा, पाण्याच्या टाकीवर तासभर गेला आणि मग सेक्रेटरींनी फाइलमधून एक प्रिंटआउट काढला, गुलाबी हायलायटरने रेघा मारलेला. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं 12 मार्च 2024 चं ते पत्र, 23 धोकादायक जातींवर बंदी घाला म्हणून राज्यांना लिहिलेलं. मी तिथेच पेन घेऊन एकेक नाव वाचून दाखवलं, पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो, सगळी 23. मुधोळ नाही, कारवान नाही, हाउंड हा शब्दच नाही. शिवाय ते पत्र कर्नाटक हायकोर्टाने एप्रिल 2024 मध्येच रद्द केलं होतं, तेही सांगितलं. तर एक मेंबर म्हणाले, यादीत नाही म्हणजे सेफ आहे असं कुठे लिहिलंय? ते धोकादायक नाही असं सरकारकडून लेखी आणा.

आता असा कागद कुठे मिळतो? मी खरंच आणायला गेले हो. सरकारी दवाखान्यात डॉक्टर चांगले होते, म्हणाले आम्ही तब्येतीचा दाखला देतो, लसीचा देतो, जात धोकादायक नाही असा दाखला नसतोच, आणि पिल्लू समोर नसताना तर कुठलाच नाही. नगरपालिकेत गेले, म्हटलं आधी लायसन्स काढलं तर सोसायटीला दाखवता येईल, तर काउंटरवर म्हणाले फ्लॅट आहे ना, मग सोसायटीची एनओसी लावा. सोसायटी म्हणते सरकारचा कागद आणा, सरकारी काउंटर म्हणतो सोसायटीचा. दुसऱ्यांदा गेले तेव्हा फॉर्म घेणारे रजेवर. तिसऱ्यांदा गेले तेव्हा फॉर्म हातात आला पण फॉर्मवर कुठेच एनओसीचा उल्लेख नाही, मी ते दाखवलं तर म्हणाले, असू दे, साहेब मागतात. तीन हाफ डे गेले माझे.

मग त्याच दिवसांत विधानसभेच्या पावसाळी अधिवेशनात हिंस्र जातींवर बंदीचं विधेयक आलं. पेपरात पिटबुल आणि रॉटवायलरचं नाव होतं, पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कात्रण पडलं ते माझ्या फ्लॅट नंबरसकट. त्यानंतर 11 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांचा आदेश, 22 ला त्यात बदल, आणि रोज टीव्हीवर तेच. माझ्या पाळीव पिल्लाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता पण लिफ्टमध्ये सगळे मलाच विचारायचे. खालच्या काकींनी तर मी भाजी घेऊन येताना थांबवून विचारलं, चाबता गो तें? म्हणजे चावतं का गं ते? जे अजून जमखंडीत मामाच्या ओसरीवर दूध पीत होतं त्याच्याबद्दल. काकींवर माझा राग नाही, त्यांनी निदान तोंडावर विचारलं. त्यानंतर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली, 27 ऑगस्टपासून पुढे कोण कमिटी घेणार, सगळे आपापल्या गावी.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं ते सांगते. पिल्लाचे 3 ते साधारण 14 आठवडे फार महत्त्वाचे असतात, त्या वयात जे आवाज, माणसं, जिने, स्कूटर बघेल त्याची त्याला पुढे सहसा भीती वाटत नाही. मुधोळ तर मुळातच बुजरी जात, अनोळखी माणसाने हात लावलेला आवडत नाही. म्हणजे ज्या कुत्र्याला लोकांची सवय सगळ्यात लवकर लागायला हवी होती त्याचे नेमके तेच आठवडे त्या फाइलमध्ये गेले. मामा व्हिडिओ पाठवायचे, पाय लांब होत चाललेले, आणि मुलगा रात्री विचारायचा आई अजून किती दिवस. ऑगस्टमध्ये तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लससुद्धा मामांनीच दिली.

शेवटी कशाने झालं? कायदा दाखवून नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना आहेत, सोसायटीला ठराव करूनसुद्धा पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, त्यात कुत्र्याचा आकार आणि जातसुद्धा आली. त्याची प्रत मी दिली होती, कोणी उघडलीसुद्धा नाही. झालं ते एका ओळीच्या पत्राने. माझी जाऊ बँकेत आहे, ती म्हणाली, तू परवानगी मागू नको, नकार माग. लेखी. घटस्थापनेनंतरच्या आठवड्यात मी लिहिलं, माझ्या 20 जूनच्या अर्जाला सोसायटीचा नकार असल्यास तो कारण, ठराव क्रमांक आणि पदाधिकाऱ्यांच्या सहीसह लेखी द्यावा. दोन प्रती नेल्या आणि एकीवर सोसायटीचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय उठले नाही. हे जूनमध्येच करायला हवं होतं, पहिल्या अर्जाची माझ्याकडे पोचच नव्हती आणि मधे एकदा 'अर्ज सापडत नाही' हेही ऐकून झालं होतं. तर मंडळी, पोच घ्या, फोटोकॉपीवर शिक्का घ्या, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

सही करून नकार द्यायला एकही जण तयार नव्हता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एनओसी माझ्या लेटरबॉक्समध्ये होती, पाकीटसुद्धा न लावता, घडी घातलेली. तीन ओळी. त्या तीन ओळी मी जिन्यात उभी राहून चार वेळा वाचल्या आणि नवऱ्याला फोन केला तर आवाजच फुटेना.

नगरपालिकेचं मग पंधरा मिनिटांत झालं. लसीचं कार्ड, ओळखपत्र, कुत्र्याचा फोटो, बस.

आणायला आम्ही तिघं पहाटे निघालो, चोर्ला घाटाने बेळगाव आणि पुढे. डॉक्टरांकडून प्रवासाचा तब्येतीचा दाखला घेऊन ठेवा, राज्याची हद्द ओलांडताना जवळ असलेला बरा. घाटाच्या वळणांवर त्याला दोनदा उलटी झाली, रिकाम्या पोटी आणायला हवा होता. रंग हरणासारखा म्हणून मुलाने गाडीतच नाव ठेवलं हरण्या.

आता तो वर्षाचा होऊन गेला. लिफ्टला अजून घाबरतो, दार सरकलं की माझ्या पायात शिरतो, त्यामुळे आम्ही जिन्याने जातो. घरात मात्र त्याचा आवाजसुद्धा नसतो, दिवसातले बारा-चौदा तास सोफ्याच्या कोपऱ्यात अंगाची गुंडाळी करून झोपलेला असतो. केस पडतात पण नखाएवढे, झाडूने निघून जातात. उन्हाळ्यात त्याच्यासाठी एसी लावावा लागला नाही. गोचीड मात्र कुठल्याच जातीला सोडत नाही, गोव्यात गोचिडाचा ताप फार, पावसाळ्यात रोज बोटांच्या मधे आणि कानाच्या मागे बघावंच लागतं, जेवण सोडलं की त्याच दिवशी रक्त तपासायचं. रविवारी सत्तरीला नेतो, तिथे सोडला की पहिली दोन मिनिटं तो दिसतच नाही इतका पळतो, मुलाचे बाबा खुर्ची टाकून बघत बसतात. ज्यांना शेफर्डच हवा होता ते आता आलेल्या प्रत्येकाला सांगतात, सैन्याने 2016 मध्ये हीच कुत्री मेरठला ट्रेनिंगला नेली, आणि 2005 मध्ये पोस्टाने या जातीचं तिकीट काढलं. हे त्यांना मीच सांगितलं होतं.

एक राहिलंच, आणि हे फार महत्त्वाचं आहे. या जातीचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं त्यामुळे दुकानातला नेहमीचा गोल पट्टा कितीही घट्ट करा, मागे ओढला की डोक्यावरून अलगद निघतो. आमचा पहिल्याच आठवड्यात पार्किंगमध्ये फटाक्याच्या आवाजाने असाच सुटला आणि गेटच्या दिशेने धावला, वॉचमनने गेट ओढून घेतलं म्हणून वाचला. रुंद पट्टा घ्या, ओढल्यावर स्वतः आवळणारा, आणि तो पिल्लू आणायच्या आधी घरात असू दे.