मी ओरडले नाही

लग्नघर वर्धा जिल्ह्यातलं. तो दादाचा मित्र, लहानपणापासून आमच्या घरी जेवणारा. त्यानं माझ्यावर अत्याचार केला. कसं घडलं ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की मी ओरडले नाही. हातपाय गोठले, आवाज घशातच अडकला. नागपूरला परतल्यावर दोन दिवस एकच प्रश्न डोकं पोखरत होता. पलीकडच्या खोलीत माणसं होती, मग मी ओरडले का नाही?

तिसऱ्या दिवशी पहाटे मावशीला फोन केला. ती मानेवाड्याहून ऑटोनं आली. ‘काहून गेलती तू तिकडे’ असं तिनं विचारलं नाही. म्हणाली, "आधी दवाखाना. पोलिसांचं मंग पाहू." तिचं किती बरोबर होतं ते तिथे कळलं. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पुढे २८ दिवस. माझ्याकडे थोडेच तास उरले होते. उपचारासाठी आधी तक्रार करावी लागत नाही. दवाखाना सरकारी असो की खासगी, पैसेही घेता येत नाहीत.

चारदा अंघोळ करून बसले होते, आता काय सापडणार असं वाटत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तरी पाहू. कपडे मात्र न धुता प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले होते, ते त्यांनी कागदी पाकिटात ठेवले. प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. मला धास्ती होती ती दोन बोटांच्या चाचणीची, बाईचे आधी कुणाशी संबंध आले होते का ते बघायला करत तिची. ती बंद आहे. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. प्रत्येक गोष्टीआधी बाई विचारायच्या, "करू का?" एकदा मी "थांबा" म्हणाले. त्या थांबल्या. तेव्हा मला पहिल्यांदा रडू फुटलं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ऐकलं, "हद्द आमची नाही, वर्ध्याला जा." मावशीनं बाहेर येऊन १८१ ला, महिला हेल्पलाइनला, फोन लावला. तिथून अत्याचार झालेल्या बायांना मदत करणाऱ्या सखी केंद्राचा पत्ता मिळाला.

तिथल्या समुपदेशक ताईंना मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी मला मथुराची गोष्ट सांगितली. आपल्याच विदर्भातली, देसाईगंजची आदिवासी पोरगी. १९७२ मध्ये पोलीस ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठानं दोन पोलिसांना दोषी धरलं, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. न्यायालयाचं म्हणणं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती. देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की केवळ शारीरिक विरोध केला नाही म्हणून संमती दिली असं मानता येणार नाही. ताई म्हणाल्या, "भीतीनं शरीर गोठतं. तू ते ठरवून केलं नाहीस." ते कलम मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ताई सोबत आल्या. हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवावीच लागते, आणि अशा गुन्ह्याची नोंद टाळणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आहे, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. महिला अधिकाऱ्यानं जबाब घेतला. एफआयआरची प्रत फुकट मिळाली, ती हातात घेऊनच निघाले. त्याआधी जबाब वाचताना एका ठिकाणी ‘प्रतिकार केला’ असं लिहिलेलं दिसलं होतं. तसं घडलं नव्हतं, म्हणून मी सही करण्याआधी ते बदलून घेतलं. आपला जबाब शब्दन् शब्द वाचा, घाई करू देऊ नका. पुढे महिला दंडाधिकाऱ्यांसमोर मी न विचारताच सांगितलं, "मी ओरडले नाही. आवाज फुटला नाही."

दादा पहिले दोन आठवडे माझ्याशी बोललाच नाही. मग एका संध्याकाळी त्यानंच मनोधैर्य योजनेचा, म्हणजे अत्याचार झालेल्यांना सरकारकडून मिळणाऱ्या मदतीचा अर्ज आणला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा. माझ्या शेजारी बसून रकाने भरले. आता तारखेला तोच गाडीवर नेतो. वाटेत आम्ही फारसं बोलत नाही.