आरोग्य योजनेसाठी सुरू झालेला रेडिओ

मेलबर्नमध्ये आज दवाखान्यात मेडिकेअर कार्ड दाखवताना शेजारच्या ग्रीक आजींशी गप्पा झाल्या. त्या म्हणाल्या, "ही योजना आम्हाला रेडिओनं समजावली." घरी येऊन संध्याकाळभर तेच वाचत बसले.

१ जुलै १९७५ पासून ऑस्ट्रेलियात मेडिबँक, म्हणजे आजच्या मेडिकेअरच्या आधीची सरकारी आरोग्य योजना, लागू होणार होती. पण कारखान्यांत राबणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या हजारो लोकांना ते सांगणार कोण? म्हणून जूनमध्ये सिडनीत टू ईए आणि मेलबर्नमध्ये थ्री ईए ही रेडिओ केंद्रं सुरू झाली. सिडनीत सात भाषा, इथं आठ. ग्रीक, इटालियन, अरबी, तुर्की... परवाना मिळाला होता फक्त तीन महिन्यांचा!

त्याआधी खासगी केंद्रांना परभाषेसाठी एकूण वेळेच्या अडीच टक्केच मुभा होती. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांतून माणसं बोलावली ती कामासाठी, त्यांची भाषा मात्र नको होती. हे वाचून फार राग आला.

त्या तीन महिन्यांचं पुढं काय झालं बघा. लोकांनी ती केंद्रं बंद होऊ दिली नाहीत. १९७८ मध्ये एसबीएस हे सरकारी बहुभाषिक प्रसारण मंडळ स्थापन झालं, आणि आज तिथं साठहून जास्त भाषांत कार्यक्रम होतात. आपल्या भाषेत दवाखाना, कर, मतदान समजणं हा हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं.

आजींना पुढच्या आठवड्यात चहाला बोलावलंय. तेव्हाच्या निवेदकांबद्दल खूप विचारायचंय. तुमच्या ओळखीत कुणी त्या काळी ऐकलं असेल तर नक्की लिहा.